पांगाऱ्याचा राजपुत्र

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी सोलापूरला गेलो होतो. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि परतीच्या गाडीला अजून बराच वेळ होता. कार्यालयातून बाहेर पडलो आणि पाय नेतील तिकडं चालत राहिलो. एका नाट्यगृहाच्या दाराशी फळा टेकवून ठेवला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘बाहुलीनाट्य, दुपारी साडेतीन’. खाली कुणा पोरानं स्वतःच्या हातानं एक बाहुली काढून ठेवली होती. तिचे दोन्ही हात वर होते.

मी आत गेलो. का गेलो, ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. चाळीसेक वर्षांत मी बाहुल्यांचा खेळ पाहिला नव्हता. जत्रेत कुठं पडदा लागलेला दिसला तर मी वाट बदलली होती. माझी मुलगी लहान असताना तिनं एकदा हट्ट धरला, तेव्हा तिला तिच्या आईबरोबर आत पाठवलं आणि मी बाहेर शेंगा सोलत उभा राहिलो.

आत गार होतं, निळसर उजेड होता. बाहुल्या देखण्या होत्या, माझ्या कमरेला लागतील एवढ्या उंच. पण त्यांचे आवाज आधीच कुठंतरी भरून आणलेले, भिंतीवरच्या कर्ण्यांतून येणारे. ओठ समोर आणि आवाज डोक्यामागं. रंगमंचावर एक म्हातारी बाहुली आजारी वासराला कुरवाळत होती. माझ्या शेजारी पाचेक वर्षांची एक मुलगी बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “आई, ते वासरू लाकडाचं आहे.”

“हो गं बाई. गप बस,” तिची आई हसत म्हणाली आणि तिनं पोरीला जवळ ओढलं.

पुढचं नाटक मला दिसलं नाही. डोळे समोरच होते, पण मला दिसत होता दोन उभ्या बाजांच्या मध्ये ताणलेला काळ्या चादरीचा पडदा. आणि नाकात खळीचा आंबूस वास भरून आला होता.

*

आमची चाळ गिरणीच्या मागं होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये पटांगण, पटांगणात एक लिंबाचं झाड. चाळ संपली की हातमागवाल्यांची घरं सुरू व्हायची. तिथं सुताला खळ देऊन ते उन्हात ताणून ठेवलेलं असायचं, आणि त्या शिळ्या पेजेसारख्या वासानं आमची सकाळ सुरू व्हायची. रंगाच्या हौदातलं पाणी गल्लीच्या कडेनं वाहत यायचं. कधी जांभळं, कधी हळदी, कधी डाळिंबी. त्या ओहोळाकडं बघून आज कुठल्या रंगाच्या चादरी निघणार यावर आम्ही पोरं पैजा लावायचो. हरणाऱ्यानं त्या पाण्यात पाय बुडवायचा. माझे पाय कितीतरी दिवस हिरवे असायचे.

दिवसभर मागांची खटखट चालायची. ती इतकी चालायची की ऐकूच यायची नाही. वीज गेली, की शेजारच्या यंत्रमागांचा आवाज एकदम थांबायचा आणि सगळी चाळ दचकून वर बघायची.

पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत जॉबर होते, मागवाल्यांचे मुकादम. ते त्या भोंग्याबरोबर डबा घेऊन निघायचे. मीही त्याच भोंग्यानं जागा व्हायचो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. वाकळेत डोळे गच्च मिटून पडून राहायचो. चुलीत तुराटी मोडल्याचा आवाज यायचा, मग परातीत भाकरी थापल्याचा. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची ती भाकरी. दुष्काळ सरला होता, पण मिलो अजून सरला नव्हता. भाकरी तव्यावर पडली की त्या करपट, गोडसर वासामागून आईची हाक यायची.

“उठतोस का आता, का ओतू तांब्याभर पाणी?”

पहिला अर्धा भाग खालच्या सुरात, कंटाळल्यासारखा. आणि ‘ओतू’ला आवाज असा चढायचा, की समोरच्या ओळीत दात घासत उभी असलेली माणसं हसायची. पलीकडच्या हातमागवाल्या घरातून नरसम्मा ओरडायची, “ओत, ओत! तांब्या कशाला, मी घागर आणून देते!” मग मी उठायचो. आईनं एकदाही पाणी ओतलं नाही. तांब्याही तिच्या हातात कधी नसायचा.

ती हाक ऐकण्यासाठीच मी पडून राहायचो, कारण आई एरवी माझ्याशी फार बोलायची नाही. लाडानं तर नाहीच. कार्टा, मेल्या, दिवटा, एवढ्यावर माझं भागायचं. कुणाच्या आईनं पोराला ‘सोन्या’ म्हटलं की मी तिकडं उगाच बघत राहायचो.

तिचा लाड होता तो गळ्यात, पण तो सुतासाठी राखून ठेवलेला. दुपारी ती नरसम्माच्या मागाच्या खोलीत कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी. चरखा फिरू लागला की आई गायला लागायची. दळणाच्या ओव्या, माहेरची गाणी, मध्येच नरसम्मानं शिकवलेलं एखादं तेलुगू गाणं, शब्दांचा अर्थ न कळता. शाळेतून आलो की मी दाराबाहेर बसायचो. आत गेलो तर ती थांबेल अशी मला भीती वाटायची. सूत आणि आवाज एकाच टोकानं गुंडाळले जाताहेत असं वाटायचं, आणि संध्याकाळी कांड्यांची टोपली भरली की वाटायचं, गाणं त्या टोपलीत आहे. उद्या ते कुणाच्या तरी चादरीत जाईल.

*

पौषात, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपली की मल्लाप्पा यायचा. अक्कलकोटकडचा बाहुलीवाला. उंच, काळा, कानात बाळी, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. हातगाड्यावर एक मोठा पेटारा, त्याच्यावर बसलेली त्याची बायको, आणि मागून मृदंग गळ्यात अडकवून चालणारा त्याचा म्हातारा काका. यात्रेत खेळ झाले की परतताना तो आमच्या चाळीत एक खेळ करायचा, पहिल्या पाळीची माणसं घरी येऊन चहा प्यायली की. उन्हं लिंबाच्या शेंड्याला गेलेली असायची.

बाहुल्या पांगाऱ्याच्या लाकडाच्या, हातभर उंचीच्या, दोऱ्यांनी हलणाऱ्या. पेटारा उघडताना आम्हाला बघायची मुभा होती, आणि मला वाटतं खेळापेक्षा मी त्याचीच जास्त वाट बघायचो. झाकण उचललं की कापूर, जुनं रेशीम आणि तेलकट लाकूड यांचा एक वास यायचा. मल्लाप्पाचे नियम होते. राजा आणि राक्षस एका कप्प्यात ठेवायचे नाहीत. “रातच्याला भांडत्यात की,” तो म्हणायचा. खेळात मेलेल्या बाहुलीला आत ठेवण्याआधी उभी करून दोन पावलं चालवायची. आणि झोपलेल्या बाहुलीला झोपेतच पेटाऱ्यात घालायचं नाही.

“घातलं तर काय होतंय?” आम्ही विचारायचो.

“तुला झोपंत उचलून पोत्यात घातलं तर काय हुईल?” तो म्हणायचा.

त्या वर्षी, मी अकरा वर्षांचा होतो, पेटाऱ्यावर त्याची बायको बसलेली होती पण तिच्या गळ्याभोवती लोकरीचा पट्टा गुंडाळला होता. यात्रेतल्या धुळीनं तिचा आवाज पार गेला होता. खेळ तिच्याशिवाय होत नसे. राण्या, दासी, म्हाताऱ्या, सगळ्या बायकांचे आवाज तिचे. पण त्याची काळजी आम्हाला नव्हती. आम्ही पोती टाकून जागा धरली. मी अगदी पुढं, पडद्यापासून चार हातांवर. अण्णा मागं, गिरणीतल्या माणसांबरोबर बाकावर. आई दिसत नव्हती. कांड्या भरत असेल असं मला वाटलं.

गोष्ट साधी होती. राजाचा मुलगा खेळता खेळता झोपतो आणि उठतच नाही. डोळे रंगवलेले, मिटणार कसे, म्हणून मल्लाप्पानं त्याच्या तोंडावर रुमालाएवढी लाल शाल टाकली होती. एक गोसावी येऊन सांगतो, “ह्याला करणी न्हाय, बाधा न्हाय. ह्येला वळखीची हाक ऐकू येत न्हाय. वळखीची हाक आली की उठंल.” मग राजा नगारा वाजवतो. सेनापती तलवारीवर तलवार आपटतो. ढेरपोट्या प्रधान कानाशी जाऊन दरबारी भाषेत त्याचे सगळे किताब वाचतो आणि वाचता वाचता स्वतःच घोरायला लागतो. पटांगण हसून लोळत होतं.

मग मृदंग थांबला आणि राणी आली. हिरव्या लुगड्याची, नाकात मण्याची नथ. ती राजपुत्राच्या उशाशी बसली.

“माझ्या राजसा,” ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मला दाराबाहेर बसून पाठ झालेला होता. पण असा मी तो कधी ऐकला नव्हता. उन्हात तापलेल्या भिंतीला पाठ लावावी तसा तो ऊबदार होता.

“माझ्या सोन्या. चांदोबा माझा. माझ्या हुरड्याच्या कणसा. माझ्या साखरेच्या गाठी.”

राणीचा लाकडी हात राजपुत्राच्या केसांवरून फिरत होता. पटांगणातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. हुरड्याचं कणीस म्हणे. कुठून आणले होते तिनं हे शब्द? घरात कुठं ठेवले होते? मी दर सकाळी डोळे मिटून पडत होतो, माझ्यासाठी तिला तांब्या सुचत होता. आणि हा पांगाऱ्याचा ओंडका, ह्याच्या कानात ती हे ओतत होती.

“माझ्या काळजाच्या तुकड्या,” राणी म्हणाली, आणि थांबली. श्वास घेतला असावा. पडदा किंचित हलला. पुढं काहीतरी येणार होतं.

मी उभा राहिलो आणि सगळ्या ताकदीनं ओरडलो, “आई, त्यो लाकडाचा हाय!”

*

चाळीतल्या लोकांनी हे पुढं कितीतरी वर्षं सांगितलं. ‘लेकरू आईच्या आवाजाला भुललं, रडत उठलं बिचारं.’ मीही ते तसंच सांगत आलो. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं. आज पहिल्यांदा लिहितो आहे, की मी भुललो नव्हतो. रडतही नव्हतो. मला नीट कळत होतं की मी ओरडलो तर पडद्यामागचा तो आवाज थांबेल. तो थांबावा म्हणूनच मी ओरडलो.

आधी हशा झाला. मग मागून कुणीतरी म्हणालं, “अहो जॉबर, वहिनी खेळात नाचायला गेल्या व्हय? आमाला न्हाई सांगितलं!” आणि दुसरा, “घरात पोरगा हाय की, दुसरा कशाला आणला लाकडाचा?” मी वळून पाहिलं. अण्णा हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. त्यांनी मांडीवरचा पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि ते घराकडं चालू लागले.

पडद्यामागून आई बाहेर आली. डोक्यावरून पदर, पदराला सुताचा भुसा. सगळं पटांगण बघत असताना ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला खळीचा वास होता. एक फटका बसला असता तर बरं झालं असतं. ती मला फक्त घरी घेऊन गेली.

राणी दोऱ्यांवर तशीच वाकलेली होती. राजपुत्र झोपलेला होता.

घरात अण्णा पाटावर बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “विचारलं असतंस तर मी काय नको म्हटलं असतं का?”

आई पदराचा भुसा वेचत राहिली.

आणखी थोड्या वेळानं तेच म्हणाले, “म्हटलं असतं.” आणि त्यांनी चहाचा कप आपल्या हातानं मोरीत नेऊन ठेवला. तसं ते कधी करत नसत.

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती, भोंगा झाला नाही, तरी मी त्याच वेळी जागा झालो आणि डोळे मिटून पडून राहिलो. तुराटी मोडली. भाकरी थापली गेली. वास आला. मग माझ्या खांद्याला एक हात लागला, हलकाच, दोन बोटांचा. मी डोळे उघडले तर आई परत चुलीकडं वळलेली होती.

त्यानंतर मला रोज असंच उठवलं गेलं.

त्या सुट्टीच्या दिवशी अण्णा घरीच होते. उन्हं वर आली तेव्हा मल्लाप्पा आमच्या दारात उभा राहिला. दोन्ही हातांवर, तान्हं मूल धरावं तसा, राजपुत्र. तोंडावर लाल शाल.

“मालक,” तो अण्णांना म्हणाला, “गाडा भरलाय. निघायचंय. पर ह्ये लेकरू झोपल्यालं हाय. तसंच पेटाऱ्यात घालता येत न्हाय आमच्यात. ताईंनी नुसती एक हाक मारू द्या. हितंच, उंबऱ्यात. मी कुणाला बोलत न्हाय.”

अण्णा आईकडं बघून म्हणाले, “मार की. एवढ्या लांबनं आलाय माणूस.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होतो. ते बघणं मला अजून आठवतं. त्यात राग नव्हता. काहीतरी विचारायचं आहे आणि विचारायचं राहू दे, असं ते बघणं होतं.

“आज नको मल्लाप्पा,” ती म्हणाली. “आवाज बसलाय.”

तिचा आवाज अगदी चांगला होता.

मल्लाप्पानं राजपुत्राची शाल सारखी केली. “बरं. नरसम्मांकडं ठिवून जातो. उठलं की निरोप धाडा,” म्हणाला. तो पुढच्या पौषात आला नाही. त्याच्या पुढच्याही.

*

त्यानंतर आईच्या चरख्याचा आवाज नुसता चरख्याचा उरला. मी दाराबाहेर बसायचो आणि आतून घर्रर्र, घर्रर्र एवढंच यायचं. कांड्यांची टोपली भरायची. तिला मी कधी त्याबद्दल विचारलं नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, पुण्यात नोकरी लागली. ओहोळाचे रंग एकेक करून गेले. एका वर्षी भोंगा बंद झाला, आणि अण्णा त्यानंतरही कितीतरी दिवस त्याच वेळी उठून बसायचे, डबा शोधायचे. तेही गेले. आई माझ्याकडं पुण्याला यायची, आठ दिवसांत परत जायची. “तुमच्याकडं खटखट नाही, झोप लागत नाही,” म्हणायची. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसलेलो असताना ती एकदा माझ्याकडं तशीच बघत राहिली, त्या उंबऱ्यातल्यासारखी. मी तिला विचारलं, “पाणी हवंय का?” ती हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली.

*

नाटक संपलं. टाळ्या वाजल्या. काळे कपडे घातलेली माणसं पुढं येऊन वाकली. मी बाहेर पडलो आणि स्टेशनची वाट सोडून चाळीची धरली.

गिरणीच्या जागी पडक्या भिंती आणि बाभळी. चाळ अर्धी उरलेली. लिंब आहे. नरसम्माचं घर आता पक्कं झालंय, खाली तिच्या मुलाचे यंत्रमाग चालतात, टॉवेलांचे. ती ओट्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. डोळ्यांना जाड चष्मा, केस पांढरे, पण मान तशीच ताठ.

“नरसम्मा,” मी म्हणालो.

तिनं चष्म्यावरून पाहिलं. “अय्यो! ये रा, ये. केस कुठं गेले तुझे?”

चहा झाला. लग्न कुणाचं, मुलगी काय करते, गुडघे कसे आहेत, सगळं झालं. गाडीची वेळ जवळ येत होती. मी विचारलं, “तो राजपुत्र आहे का गं अजून?”

ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि एक बोचकं घेऊन आली. जुन्या चादरीचं, डाळिंबी रंगाचं. तिनं ते माझ्या मांडीवर सोडलं. लाकूड काळवंडलं होतं, एका हाताची बोटं झिजली होती, तोंडावर तीच लाल शाल, विरलेली. पण दोरे नवे होते. पांढरेशुभ्र, पीळ दिलेले, मेण लावलेले.

“हे कुणी?”

“तुझी आई. दर संक्रांतीला यायची, जुने काढायची, नवे ओवायची. दोरा कुजला तर लेकरू उठणार कसं, म्हणायची. ती गेल्यावर मी करते.”

“मग उठवलं का नाही तिनं? तुझ्यासमोर तरी?”

नरसम्मा बिडीला दोरा गुंडाळत राहिली. तेव्हा मी तिला सांगितलं. जे वर लिहिलं तेच, की मी भुललो नव्हतो, मला त्या लाकडाचा हेवा वाटला होता आणि आवाज बंद पाडायचा होता. एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात कुणाशी बोललो नसेन. आत मागांची खटखट चालू होती, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागलं.

“ते तिला ठाऊक होतं,” नरसम्मा म्हणाली. “‘लाकडाचा हाय’ म्हणून कोण ओरडतं रे? भुललेलं लेकरू ओरडतं का? त्याच रात्री, नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाली मला. पोरगं जळालं गं माझं, म्हणाली.”

मी राजपुत्राची झिजलेली बोटं चाचपली.

“पण तू थांबला नाहीस. जरा थांबायचं होतंस. त्या गोड नावांनी राजपुत्र उठत नाही, माहीत आहे ना?”

“नाही. मला कुठं पुढचं माहीत आहे? पुढं झालंच नाही.”

“अरे, म्हणजे चाळीस वर्षं तुला…” तिनं सूप बाजूला ठेवलं. “सगळी गोड नावं वाया जातात. राजसा झालं, सोन्या झालं. तो उठत नाही. मग राणी वैतागते. राणीपण विसरते. कमरेला पदर खोचते आणि आपली रोजची हाक मारते. ती हाक मल्लाप्पा सांगत नव्हता. ती ओळ बाईची, म्हणायचा. जिचा आवाज, तिच्या घरातली हाक. त्याच्या आईची वेगळी होती, बायकोची वेगळी. तुझ्या आईला म्हणाला, ताई, तुमी पोराला रोज कसं उठवता तसंच म्हणा.”

“म्हणजे तांब्याची?” मी विचारलं.

“इथंच सराव केला तिनं, तेव्हाच्या मागाच्या खोलीत. ती हाक आली की आम्ही दोघी हसून हसून मरायचो. सगळ्या चाळीला पाठ होती ना ती. ती म्हणायची, बघ, ही ओळ आली की सगळे ओळखतील, अण्णासुद्धा हसतील. आणि पोरगं तर उडूनच उठेल. घरी आधी सांगितलं नाही ते त्यासाठी. तुला ऐकवायची होती, सगळ्यांसमोर.” नरसम्मानं चष्मा काढून पदराला पुसला. “मी म्हटलं होतं नंतर, माझ्यासमोर मार हाक, सोडव त्या लेकराला. म्हणाली, ज्याच्यासाठी ठेवली होती त्यानं ऐकली नाही, आता दुसऱ्या कुणाला कशी ऐकवू? तो मागेल तेव्हा बघू.”

मी कधी मागितली नाही. उशाशी बसलो तेव्हासुद्धा मी तिला पाणीच विचारलं.

“दोरे धर,” नरसम्मा म्हणाली. “डोक्याचा मधल्या बोटात. असा नाही, सैल. सूत कधी आवळून धरायचं नसतं.” तिनं माझ्या बोटांत दोरे बसवून दिले. “हाक तू मारतोस का मी?”

“तूच मार,” मी म्हणालो.

तिनं मांडी सावरली. मान जरा तिरकी केली, आई तव्यापुढं बसायची तशी. आणि त्या पिचलेल्या, तेलुगू वळणाच्या आवाजात, पण सूर तोच, आधी खाली, कंटाळल्यासारखा, आणि मग एकदम वर:

“उठतोस का आता, का ओतू तांब्याभर पाणी?”

ओट्यापुढून जाणारी एक बाई थबकली आणि हसली. मी बोटं उचलली. राजपुत्र एका बाजूला कलत, अडखळत उठून बसला, आणि त्याच्या तोंडावरची शाल माझ्या मांडीवर गळून पडली.

त्याचे डोळे उघडे होते. रंग कुठंच उडाला नव्हता. इतकी वर्षं त्या कापडाखाली तो टक्क जागा होता, नुसती हाकेची वाट बघत पडून होता. इतर कुणाला नाही तरी मला हे कळायला हवं होतं. मीही रोज सकाळी तसाच पडून राहायचो.